ओट्यावर हसणारी माय

कापसाच्या गाड्या परत यायला लागल्या. उजाडायच्या आधीच रस्त्यावर रांग लागते. बैल उभ्या उभ्या रवंथ करतात, गाडीवान चादरी गुंडाळून बिड्या ओढतात, आणि सूर्य वर आला की हवेत कापसाचा असा बारीक भुरका उडतो की चहाच्या कपावरही पांढरी साय धरते. अकोल्याच्या माणसाला हे दिवस म्हणजे घरचं कार्य. माझाही जीव हरखतो. मी कापसाचा दलाल, माझं घर ह्या भुरक्यावरच उभं आहे. पण दर वर्षी ह्या दिवसांत छातीत काहीतरी जळतंही. डॉक्टर म्हणतात पित्त आहे, तिखट कमी करा. मी तिखट कमी केलं नाही. ते पित्त नाही हे मला ठाऊक आहे. ते एका हंगामाचं जळणं आहे.

त्या हंगामात माझी माय मोठ्यानं हसली. माझ्याशी नाही. लोकांशी.

ज्या लोकांशी ती हसली, त्यांच्याबद्दल चांगलं लिहावं असं मनात बरेच दिवस आहे. दर वेळी लिहायला बसतो आणि राग येतो. आज रागातच लिहितो. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं तर मला दुसरी रीत सापडत नाही.

माझ्याबद्दल आधी सांगून टाकतो. हिवरखेडला आमचं स्वतःचं ढेकूळभरही रान नव्हतं. बाप लहानपणीच गेला. मायनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून मला मोठं केलं. मी अकोल्याला आलो तो सरकी काढायच्या जिनात बोजे उचलायला, आणि तिथून बाजारात शिरलो. तेव्हा सौदे रुमालाखाली होत. दोघांनी हात मिळवायचे, वर रुमाल टाकायचा, आणि आत एकमेकाची बोटं दाबून भाव सांगायचा. आजूबाजूच्याला कळायचं नाही. पुढे उघडे लिलाव आले, पण माझ्या बोटांना लागलेली ती समज गेली नाही. समोरच्यानं बोट कसं धरलंय यावरून त्याच्या मनात अजून किती जागा आहे ते मला समजतं. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, आणि बाजारात माझ्याशी भांडून कुणी जिंकलेलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. ओळख म्हणून सांगतो.

महाराष्ट्र नवा नवा होता त्या सुमारास मायला मी गावाहून आणलं. नवे पैसे सुरू होऊन काही वर्षं झाली होती, पण माय अजून आण्यातच बोलायची. तिचा पाय मुरगळला होता आणि नजर अधू झाली होती. मी तिला माडीवरची हवेशीर खोली दिली. ती खाली स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन बसली. मी खुर्ची आणली. ती खुर्चीला टेकून जमिनीवर बसली. विजेचा दिवा लावला की डोळ्यांवर पदर घ्यायची.

"माय, चहा घेतला?"

"घेतला."

"पाय दुखते?"

"नाई."

"काही आणू बाजारातून?"

"काय आनतं."

एवढंच. बाजारात मी मुक्या माणसाच्या तोंडून भाव काढून घेतो. घरी मला जन्म दिलेल्या बाईच्या तोंडून दुसरा शब्द निघत नव्हता. ती रुसली नव्हती. तिच्या दृष्टीनं पोराशी बोलण्यासारखं जे होतं ते पोराला मोठं करताना बोलून संपलं होतं. मी दुपारी जेवायला आलो की ती माझ्या ताटाकडे बघायची, भाकरी संपली की बायकोला खूण करायची, आणि परत भिंतीकडे तोंड.

बायको एक दिवस म्हणाली, "बुढी अशी बसून राह्यली तं तिले बुरशी चढन. मी उद्या तिले ओट्यावर नेतो."

स्टेशनाकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर एक जुनी धर्मशाळा होती. तिच्या मागे लांबलचक दगडी ओटा, अर्ध्यावर टिनाचं छप्पर, अर्ध्यावर उघडं ऊन. तिथं दुपारी म्हातारी माणसं जमत. आपोआप जमत नव्हती. त्यांना जमवणारी दोन-चार माणसं होती. त्या कामाला पाटी नव्हती, अध्यक्ष नव्हता, त्यामुळे हार घालून घ्यायलाही कुणी नव्हतं. कचेरीत कागदांच्या नकला उतरणारा एक नकलनवीस होता, तो वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा आणि म्हातारे त्यातल्या प्रत्येक बातमीला विरोध करायचे. रहीमभाई टांगेवाला होता. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा तो गुडघे धरलेल्या बुढ्यांना घरून आणायचा. टांग्यापाशी बुढी आली की रहीमभाई खाली उतरायचा आणि तिच्याकडे पाठ करून घोड्याचा पट्टा चाचपत बसायचा. पट्ट्याला काही झालेलं नसायचं. बुढी तिच्या वेळानं, तिच्या धडपडीनं वर चढून बसली की ह्याचा पट्टा नीट व्हायचा. पडत असली तर हात द्यायचा, नाहीतर बघायचाही नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, किती कामचुकार माणूस आहे.

आणि शांताबाई वानखडे. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. शाळा सकाळची, म्हणून दुपारी ती ओट्यावर. सावळी, काटक, छत्रीचा काठीसारखा उपयोग करत भराभरा चालणारी. तिच्या घरचे बौद्ध झाले त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मनातल्या मनात मी भांडत होतो ते हिच्याशीच. हे तिला माहीत नव्हतं तोपर्यंत तर फारच.

पहिल्या आठवड्यातच मी एका गिरणीच्या माणसाबरोबर त्या रस्त्यानं चाललो होतो. सौदा अर्ध्यावर आलेला. धर्मशाळेच्या मागून हसण्याचा आवाज आला. तव्यावर भाकरी टम्म फुगावी आणि एका बाजूनं तिची वाफ फुस्सकन सुटावी, तसं हसणं. आधी दाबलेलं, मग एकदम सुटलेलं. मी म्हटलं, कोण बाई आहे ही? कुंपणावरून डोकावलो. माझी माय होती. पदर तोंडाशी, डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत. समोर शांताबाई डोकं खाली करून बसलेली आणि माय तिच्या केसांना तेल चोपडत होती.

माझं वय चाळिशीकडे झुकलेलं. माझ्या मायला असं हसता येतं हे मला त्या दिवशी समजलं, तेही कुंपणाबाहेरून. गिरणीचा माणूस म्हणाला, "चला ना शेठ." मी त्याला म्हटलं, "तुम्हाला घाई असेल तर दुसरा दलाल बघा." सौदा गेला.

संध्याकाळी मी विचारलं, "माय, आज काय गंमत झाली ओट्यावर?"

"कुठी काय," माय म्हणाली.

मग मी शांताबाईवर पाळत ठेवली. मला व्यापारी म्हणून कळेना की ही बाई यात मिळवते काय. वेळ, तेल, चहाची पत्ती तिची. बदल्यात शिव्या. म्हातारी माणसं फार शिव्या देतात. मी पंधरवडाभर बघत राहिलो आणि तिची रीत माझ्या ध्यानात आली. ती कुणाला काही देत नव्हती. सतत मागत होती. "आजी, माझ्या पोलक्याची उसवण शिवून देता का?" "बाबा, ही छत्रीची तार वाकली, बघता का?" ज्याच्या हातात आयुष्यभर काम होतं आणि आता कुणी काम सांगत नाही, अशा माणसाकडे मागायचं. भाव पाडायचा असेल तर आधी गरज नसल्याचं दाखवावं, असं आम्ही बाजारात शिकलो. ही बाई गरज दाखवून सगळा माल फुकट उचलून नेत होती.

पाण्याचंच बघा. आमची माय जुन्या गावची, जुन्या विचारांची. स्वतःचा तांब्या घेऊन जायची आणि तो शांताबाईपासून वेगळा ठेवायची. हे सगळ्यांना दिसायचं, शांताबाईला आधी. तिनं भाषण दिलं नाही की तोंड पाडलं नाही. एके दुपारी सरळ मायसमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, शाळेतून चालत आले, घसा सुकला. तुमच्या तांब्यातलं पाणी द्या."

हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. मायनं बराच वेळ तांब्याकडे बघितलं. मग वरून धार धरली आणि शांताबाई ओंजळीनं प्यायली. दुसऱ्या दिवशी तिनं परत मागितलं. तिसऱ्या दिवशीही. ती थांबलीच नाही मागायची. आणि एक दिवस माय वैतागून म्हणाली, "आता रोज रोज धार कोन धरन व माय? हे घे तांब्या, पी अन् ठेव तठीच." त्यानंतर तांब्या दोघींच्या मधे असायचा. जे मायला सांगायची मला, तिच्या पोराला, कधी हिंमत झाली नव्हती, ते ह्या बाईनं घसा सुकवून करून घेतलं. कौतुक वाटलं का? वाटलं. पण त्याहून आधी हे वाटलं की माय तिला वैतागून बोलली. चांगलं लांबलचक वाक्य बोलली. मला "घेतला" आणि "नाई".

तुरीच्या डाळीचं प्रकरण त्यानंतरचं. शांताबाई सुपात डाळ आणायची आणि बुढ्यांना निवडायला द्यायची. "माझे डोळे थकले वह्या तपासून, तेवढे खडे काढा." बुढ्या सूप ओढून घ्यायच्या आणि तिला फैलावर घ्यायच्या. "कुठून आनली व ही डाळ? वान्यानं फसोलं तुले. शिकून मास्तरीन झाली अन् डाळ घेता येत नाई." मी एकदा ओट्याच्या कडेला पडलेले खडे उचलून पाहिले. माझा धंदाच मालात काय मिसळलंय ते ओळखण्याचा. ते डाळीतले खडे नव्हते. तो आमच्या रस्त्यावरचा लाल मुरूम होता. बाई स्वतः खडे मिसळत होती!

मला इतका आनंद झाला की मी रात्रीच्या जेवणाची वेळ होण्याआधीच घरी आलो. मायसमोर खडे टाकले. "हे बघ. तुझी शांताबाई. घरून चांगली डाळ आणते आणि त्यात रस्त्यावरचे खडे टाकते. तुम्हाला वेड्यात काढते."

मायनं खडे चाचपले. "मले मालूम हाये."

"मालूम आहे?"

"पहिल्याच दिवशी समजलं. खडे धुतेले होते. डाळीतला खडा कोनी धुते का?"

"मग तरी निवडता?"

"तिनं धुऊन टाकले ना खडे, आमचे हात खराब होऊ नये म्हनून," माय म्हणाली. "तुले काय त्रास होऊन राह्यला?"

आणि भिंतीकडे तोंड.

मी हट्टाला पेटलो. मलाही मागता येतं म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी माझा चांगला कोट घेतला, आतल्या बाजूनं दाताने शिवण उसवली आणि मायपुढे ठेवला. "माय, जरा उसवलाय. टाके घालून देतेस?" मायनं कोट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं, धाग्याचं ओलं टोक चाचपलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "सूनबाई! याले काही खायाले दे. कपडे खाऊन राह्यला हा." बायको दोन दिवस हसत होती. बायकोसुद्धा.

आता इतक्या वर्षांनी बाजारातून येताना मी त्या धर्मशाळेवरून जातो तेव्हा विचार करतो, आपलं कुठं चुकत होतं? माझ्या बायकोला वाटतं की मी नाटक करत होतो. पण शांताबाईही नाटकच करत होती. रहीमभाईचा पट्टाही नाटकच होता. नकलनवीस सगळं ऐकून घेत असे, तेही. फरक इतकाच की त्यांच्या नाटकात म्हातारं माणूस मोठं व्हायचं, आणि माझ्या नाटकात मला मोठं व्हायचं होतं. हे मला आज कळतं. त्या हिवाळ्यात मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या घरातली एक वस्तू रोज दुपारी लोक घेऊन जातात, वापरतात, आणि संध्याकाळी रिकामी करून परत पाठवतात.

अजूनही त्या लोकांचे तोंडभर आभार मानणारे भेटले की माझ्या कपाळावर आठी येते. चांगली माणसं होती, देवासारखी होती, असं लोक म्हणतात. देवाचं सोपं आहे. देवाला कुणी रुसून दाखवत नाही, देवाच्या अंगावर कुणी खोकत नाही. नखं कापायच्या आधी म्हाताऱ्याचे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, तरच ती मऊ होतात, आणि तेवढा वेळ तो म्हातारा तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो. ती माणसं तिथं बसून ऐकत होती. हे कुणीही करू शकेल असं मला तेव्हा वाटे. मग ते करणारी मोजकीच माणसं मला का दिसली?

त्या ओट्याच्या कुंपणाला लागून कापसाची काही झाडं उगवली होती. पेरलेली नव्हती. मागच्या हंगामात गाड्यांतून सांडलेली सरकी पावसाळ्यात रुजली होती. इतर लोकांना ती दिसली नसती. ओट्यावरच्या बुढ्यांना बोंडं फुटायच्या आधीपासून दिसत होती. आणि एक दिवस ठरलं की सीतादही करायची.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शेतात ही पूजा करतात. झाडापाशी दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात वाहायचा, थोडा रानात शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. मायनं ही पूजा दुसऱ्यांच्या शेतात जन्मभर पाहिली, मागच्या रांगेतून. शेत ज्यांचं, पूजा त्यांची. ओट्याजवळची झाडं कुणाचीच नव्हती. त्या दिवशी पूजेला पुढे माझी माय बसणार होती. हे मला घरात कुणी सांगितलं नाही. रहीमभाईनं रस्त्यात टांगा थांबवून सांगितलं, "शेठ, आज अम्मा बडी खुशीमें हैं. नवं लुगडं नेसून बसली टांग्यात. तुमी येनार ना?"

मी गेलो. पण आत गेलो नाही, मला कुणी बोलावलं नव्हतं. कुंपणाच्या बाहेर उभा राहिलो.

शांताबाई दह्याचं मडकं घेऊन आली होती. ती म्हणाली, "मावशी, मी पूजेला बसत नाही. आमच्यात आता ते नाही. पण दही मी आणलंय, आणि वेचायला मला शिकवा."

"झाडाले जेऊ घालाचं हाये," माय म्हणाली. "त्यात काय बसनं अन् उठनं. दही दे इकडे."

पूजा झाली. मायनं दहीभात शिंपडला, असा हात लांब टाकून, की जणू पुढे कोसभर रान पसरलंय. मग शांताबाईचा हात धरून तिनं दाखवलं, बोंडात तीन बोटं कशी घालायची, पाकळ्या न मोडता कापूस एका झटक्यात कसा ओढायचा, पाचोळा लागू न देता. पहिला कापूस शांताबाईच्या हातात आला. मायनं त्यातली एक चिमूट घेतली आणि तिच्या कानामागे खोवली.

मी लहान असताना पहिल्या वेचणीचा कापूस माय असा माझ्या कानामागे खोवायची. मालकाच्या नजरेआड, चोरून. ती एक गोष्ट माझी होती. शाळेत शिकवणारी एवढी थोरली बाई कानामागे कापूस घेऊन हसत उभी होती आणि सगळ्या बुढ्या टाळ्या वाजवत होत्या. माझ्या कानशिलात इतकं गरम झालं की मला हाताने कान झाकावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी सौदा करायला गेलो. मला दुसरं काही येत नाही. शाळा सुटायच्या वेळी दरवाज्यात शांताबाईला गाठलं.

"बाई, मी नामदेव. काशीबाईंचा मुलगा."

"ओळखते ना. तुम्ही कुंपणाबाहेर उभे असता."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. "तुम्ही दुपारी आमच्या घरी येत जा. मायला सोबत होईल. तुम्ही म्हणाल तो पगार. टांगा मी पाठवीन."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे नीट बघत राहिली, बाजारात माल बघतात तशी. "नामदेवभाऊ, तुमची माय माझ्यासाठी नाही येत ओट्यावर. चौघींत बसायला येते. मला एकटीला घरी नेलं तर तुमच्या घरात दोन गप्प बाया होतील."

"बोला, काय घ्याल?"

"तुम्ही काय घ्याल तिकडे यायला?" ती म्हणाली.

"मी? मला वेळ कुठाय?"

"नसू दे. पण माझी एक अडचण होती. गंगूआजी आहेत ना, अमरावतीकडच्या, त्यांना भांडायला माणूस लागतं. रोज मागतात. मला मनापासून भांडता येत नाही, आणि खोटं भांडलेलं त्यांना लगेच कळतं. बाजारात लोक म्हणतात तुम्ही फार छान भांडता."

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की ती बाई माझ्याकडे मागून गेली होती. तोवर मी हो म्हणून बसलो होतो.

गंगूबुढी म्हणजे मूठभर हाडं आणि एक जीभ. दात नाहीत. लेकाच्या घरी अकोल्यात राहायची. तिच्या सासरी अमरावती जिल्ह्यात संत्र्यांची बाग होती, ती कधीच वाळून गेली होती, पण गंगूबुढीच्या मनात तिला अजून बहार यायचा. मी शेजारी बसताच तिनं विचारलं, "तू दलाल ना रे? माही बाग घेतं का?"

"कशी आहे बाग?"

"पाह्यल्याशिवाय भाव इचारू नोको. झाडाले फांदी दिसत नाई, इतकी संत्री हायेत."

"फांदी दिसत नाही म्हणजे फळ लहान असेल. बारीक माल. मला नको."

"तुह्या बापानं पाह्यला होता का असा माल!" बुढी उसळली. "लहान म्हंते! तुह्या डोक्यायवढं फळ हाये, अन् तुह्या डोक्यापेक्षा गोड."

मला मजा यायला लागली. खरं सांगतो, कित्येक महिन्यांत इतका चांगला व्यापारी समोर आला नव्हता. मी साल जाड असल्याची तक्रार केली. तिनं गाडीभाडं माझ्यावर घातलं. मी उठून जाण्याचं नाटक केलं, तिनं मला हाकही मारली नाही, मीच परत आलो. नकलनवीसानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. शेवटी बुढी म्हणाली, "लोकायसमोर भाव सांगत नाई मी. हात आन." आणि तिनं माझा हात आपल्या पदराखाली ओढून घेतला.

तिची बोटं वाळक्या काटक्यांसारखी होती, पण काय पकड! मी एक बोट दाबलं की ती दोन दाबायची. मी मूठ मिटली की ती उघडायची. मी वर आलो, ती आणखी वर गेली. पदराखाली आमचा झगडा चालला होता आणि आम्ही दोघं हसत होतो, मी तर डोळे पुसत होतो. वाळलेल्या बागेचा तो सौदा त्या दिवशी तुटला नाही, दुसऱ्या दिवसावर गेला. मी मान वर केली. पलीकडे माय बसली होती. तिच्या मांडीवर सूप होतं आणि हात थांबलेले होते. ती आमच्याकडे बघत होती. तिला धड दिसत नव्हतं, पण बघत होती.

परत जाताना आम्ही टांग्यात मागे शेजारी बसलो.   पुलावर आलो तशी माय एकदम म्हणाली,

"त्या गंगूले काय सांगून राह्यला होता एवढं?"

"संत्र्याचं बोलत होतो."

"मले तं कधी संत्र्याचं नाई सांगतलं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"तोंडात एक दात नाई तिच्या," माय म्हणाली. "तिच्यासंगं खी खी हसाले काय होते तुले? घरी तं तोंड शिवून येतं. अन् हात कावून धरला होता तिचा?"

"सौदा होता, माय. रुमालाखाली करतात तसा."

"घंटाभर?" मायचा आवाज चढला. तो माझाच आवाज होता, बाजारातला. "घंटाभर धरून बसला परक्या बाईचा हात. मी तठीच होतो. मले काय दिसत नाई वाटते तुले? माह्या हाताले काय काटे हायेत?"

रहीमभाईचा घोडा छान चालत होता, तरी तो खाली वाकून पट्टा बघायला लागला.

 माझा सगळा जन्म लोकांचे आवाज ऐकण्यात गेला आहे. माणूस मालाला नावं ठेवायला लागला की समजावं, त्याला तो हवा आहे. त्या संध्याकाळी मायच्या आवाजात जी जळण होती ती मला दारातल्या रांगोळीसारखी स्पष्ट दिसली. महिनोन्‌महिने मी त्याच जळणात भाजत होतो. मला वाटलं होतं ती फक्त माझ्याच घरची आहे. ती मायकडूनच आली होती माझ्यात.

शहाण्या मुलानं तिथंच मायचा हात धरला असता. मी दलाल आहे. भाव नुकता चढायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर गेलो आणि सरळ गंगूबुढीशेजारी जाऊन बसलो. मुद्दाम मोठ्यानं बोललो. बागेच्या विहिरीचं विचारलं, कुंपणाचं विचारलं. बुढी रंगात आली. तिनं हात पुढे केला, मी पदराखाली हात घातला. थंडीचे दिवस होते, तरी मी बसलो होतो तिथं इतकं कडक ऊन होतं की घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

"नाम्या!" पलीकडून हाक आली. सगळा ओटा वळून बघायला लागला. "तठी सावली हाये. सर्दी होईन तुले. इकडे माह्यापाशी येऊन बस."

शांताबाईनं वर न पाहता आपलं सूप उचललं आणि मायच्या शेजारची जागा मोकळी केली. इतकी सहज, की त्याचाही मला रागच आला.

"आयकून नाई राह्यला का? इकडे ये म्हनतो ना मी!"

गंगूबुढीनं पदराखालून माझा हात ढकलून दिला. "जाय रे बाबा. बुढी जळून राह्यली."

मला ऐकू येत होतं. तरी मी लगेच उठलो नाही. मायची आणखी एक हाक येऊ दिली.